गावाकडे ॲप नेमकं कशाला वापरतात? (खान्देशकरांनी जरूर लिहा)

पाटचारी

भाचा जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी 'शेतकऱ्यांचं ॲप' करायचं त्याच्या डोक्यात बसलंय. कोणत्या शेतकऱ्यांचं, असं विचारलं तर म्हणे सगळ्यांचं. हवामान, बाजारभाव, खताचा डोस, सातबारा, सगळं एकाच ठिकाणी.

आता यातल्या प्रत्येक गोष्टीची ॲपं आधीच ढिगाने पडली आहेत. आणि माझं निरीक्षण असं, की गावात जे ॲप रुजतं ते बनवणाऱ्याने ठरवलेल्या कामासाठी क्वचितच रुजतं. आमच्या केळीचंच घ्या (रावेर तालुका). भाव सांगणारी ॲपं असूनही माणसं सकाळी उठून व्यापाऱ्यांची व्हॉट्सॲप स्टेटस बघतात. बऱ्हाणपूरला काय निघाला, नवतीला (नव्या लागणीच्या मालाला) किती, पिलबागेला (खोडव्याच्या मालाला) किती, आज कोणाच्या बागेत गाडी भरतेय, सगळं तिथे कळतं. स्टेटस काढलं होतं सहलीचे फोटो दाखवायला, इथे त्याचा बाजार समितीचा फळा झालाय.

तर दोन प्रश्न. तुमच्या गावात कोण, कोणतं ॲप, कशाला वापरतं? आणि नवं काही खरंच लागतंय की आहेत तीच बास?

पोरगं प्रतिसाद वाचणार आहे. शिव्या बेताने.

डुबुकवडी

पहिली!

माझ्या सासूबाई चोपड्याकडच्या, अक्षरओळख नाही. पण व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवणं त्यांना असं जमलंय की घरातल्या शिकलेल्यांना मागे टाकतील. श्रावणात कानबाईच्या (आमच्या खान्देशातल्या देवीच्या) सणाला सगळी भाऊबंदकी गोळा होते, रोटासाठी (देवीच्या नैवेद्यासाठी) घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठीने गहू मोजतात. कोणाकडे किती नावं, सुरतवाले येणार का, दळण कधी, हे सगळं यंदा त्यांनी बोललेल्या निरोपांवर जमवलं. ग्रुपमधले बाकीचे अंगठे आणि हात जोडलेले फोटो टाकत बसले होते.

एक अडचण. निरोप पाठवल्यावर त्या स्वतःच तो परत लावून ऐकतात, आणि आपणच बोललेल्याला मान डोलावतात.

नुसता_वाचक

मन्हा बाबा मोबाईलमा फक्त अहिराणी गाना दखस. त्यासले दुसरं काहीच नको.

गिरणाकाठ

छान विषय. आमच्या भडगाव भागात सध्या सगळ्यात जास्त चालणारं शेतीचं ॲप कोणतं असेल तर जमीन मोजायचं. कोणत्या कंपनीचं हे कोणी बघत नाही, चार-पाच आहेत, सगळी सारखीच. ट्रॅक्टरवाला रोटाव्हेटर मारून झाला की फोन हातात धरून शेताच्या कडेने एक फेरी मारतो. फेरी पुरी झाली की एकर-गुंठे समोर. त्यावर हिशेब.

पूर्वी हाच हिशेब तोंडी व्हायचा. शेतकरी म्हणायचा दोन एकर, ट्रॅक्टरवाला म्हणायचा अडीच, मग चहा, मग सव्वादोनवर तोड. आता वाद मिटला, चहाही गेला.

माझा मामेभाऊ लोकांच्या शेतातली पाळी (कुळवणी), पेरणी सगळं भाड्याने करतो. दिवसभरातली शेतं ॲपमध्ये नावासकट साठवून ठेवतो. दिवाळीला उधारी मागायला जाताना तोच नकाशा उघडून समोर धरतो. नाही कोण म्हणणार?

बांधकोऱ्या

गिरणाकाठ, मोजा पण जपून. (आयडीवर जाऊ नका, मी सरळ माणूस आहे.)

फोनचा जीपीएस उघड्या आभाळाखाली सुद्धा काही मीटर इकडेतिकडे दाखवतो. झाडाखाली किंवा विहिरीच्या काठाला आणखी. आता हिशेब करा. एक एकर म्हणजे ४० गुंठे, सुमारे ४०४७ चौरस मीटर. आपल्याकडे वाटण्या होऊन होऊन शेतं लांबट पट्ट्यांची झाली आहेत. ३० मीटर रुंद आणि १३५ मीटर लांब असा एक एकराचा पट्टा धरा. लांब बाजूची रेघ तीन मीटर आत-बाहेर सरकली तर ४०५ चौरस मीटर, म्हणजे चार गुंठे गायब. किंवा फुकट मिळाले.

ट्रॅक्टरच्या भाड्याला एवढं चालून जातं. पण आमच्या गावात दोन चुलतभाऊ हाच फोन घेऊन बांधावर उभे राहिले. प्रत्येकाच्या फोनमध्ये दुसऱ्याने बांध कोरलेला. बांधाचं भांडण दोन फुटांचं, फोनची चूक दहा फुटांची. शेवटी भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करावाच लागला. कोर्टात फोनचा नकाशा कोणी विचारत नाही.

गिरणाकाठ

मान्य. बांधासाठी नाही, भाड्यासाठीच म्हणतोय. आणि अडाणी नाहीत हो ट्रॅक्टरवाले, शेतकऱ्याच्या फोनवर पण एक फेरी मारतात आणि दोन्हीची सरासरी काढतात.

खडूस_काका

सगळं कौतुक वाचलं. आता माझं ऐका.

पूर्वी सातबाऱ्यावर पीक लिहायचं काम तलाठ्याचं होतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि ते काम आपल्या गळ्यात पडलं. पगार मात्र त्यालाच. शेतात चिखलात उभं राहून फोटो मी काढायचा, नेटवर्क मी शोधायचं, गट नंबर मी टाकायचा. याला म्हणे सोय. हल्ली कुठलंही काम लोकांवर ढकलायचं असलं की त्याचं ॲप काढतात. नवीन वापर नवीन वापर म्हणता तो हा.

गिरणाकाठ

काका, तुमचा तलाठी बांधावर यायचा का? आमच्या गटात कपाशी उभी आणि सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं ज्वारी. एकदा लिहिलं की लिहिलं. आता निदान माझं पीक मी सांगतो, चुकलं तर ४८ तासांत दुरुस्त करता येतं. तलाठ्याची सुटकाही झालेली नाही, दहा टक्के नोंदी त्याने तपासायच्याच असतात.

आणि हे फक्त कागदापुरतं राहिलेलं नाही. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळाला) कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर आधी नाव नोंदवायचं, मग स्लॉट घ्यायचा. तिथे सातबाऱ्यावर कापसाची नोंद लागते. म्हणजे पावसाळ्यात फोटो चुकला की हिवाळ्यात खरेदी केंद्र चुकलं. लांब धाग्याचा हमीभाव त्या वर्षी क्विंटलला ८११० रुपये होता आणि खेडा खरेदीवाला (गावात फिरून घेणारा खासगी व्यापारी) दारात येऊन त्याच्या बराच खाली मागत होता. तो एक फोटो केवढ्याला पडतो बघा.

खडूस_काका

तेच तर म्हणतोय! ज्याच्याकडे फोन नाही, त्याचा कापूस खेडा खरेदीलाच जाणार ना? आमच्या आळीतल्या विधवा काकूंनी काय करायचं?

शेवभाजी_डबल_तर्री

काका, आमच्या गावात (अमळनेरजवळ) याचं उत्तर आहे. मेडिकलच्या शेजारी झेरॉक्सचं दुकान आहे, तिथला पोऱ्या. वय वीस-एकवीस. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, त्यामुळे अर्ध्या गावाच्या नोंदी त्याच्याच फोनमध्ये. मोटरसायकलवर म्हाताऱ्याला मागे बसवतो, शेतात जातो, फोटो काढतो, परत आणून सोडतो. पंचवीस रुपये, पन्नास रुपये, ज्याचं जसं. केवायसी, सातबारा, कापसाची नोंदणी, पीकविमा, सगळं तोच. परवा एकाला त्याने दवाखान्याची वेळ पण घेऊन दिली.

गावात कोणी त्या ॲपांची नावं घेत नाही. 'पोऱ्याकडे जाऊन ये' म्हणतात.

खडूस_काका

म्हणजे मध्यस्थ गेलाच नाही. धोतर जाऊन जीन्स आली.

शेवभाजी_डबल_तर्री

हा निदान शिव्या खाऊन घेतो.

पाटचारी

वा, हे भाच्यासाठी महत्त्वाचं आहे. म्हणजे शेतकऱ्याच्या नावाने ॲप बनवायचं आणि वापरणारा असतो झेरॉक्सवाला. मग त्याला काय सोपं पडतं ते बघायला पाहिजे. एकामागून एक वीस माणसांची माहिती भरताना प्रत्येक वेळी लॉगिन-लॉगआउट, प्रत्येक वेळी ओटीपी. आणि ओटीपी येतो म्हाताऱ्याच्या फोनवर, तो फोन घरी चार्जिंगला.

सातपुड्यापल्याड

धडगाव तालुक्यातून लिहिते. मी स्वतः अंगणवाडी सेविका नाही, माझी आई आहे आणि तिचं ॲपचं काम रात्री मीच करते.

आमच्या पाड्यावर रेंज येत नाही. शाळेच्या मागे टेकडी आहे, तिच्या निम्म्यावर एक मोहाचं झाड. तिथे दोन काड्या येतात. दिवसभर मुलांची उंची-वजनं भरून ठेवायची आणि संध्याकाळी झाडाखाली जाऊन पाठवायची. त्या झाडाखाली त्या वेळी तुम्हाला गाव भेटेल. रोजगार हमीचा हजेरीवाला, आशाताई, गुजरातेत ऊसतोडीला गेलेल्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल करणाऱ्या बाया, आणि गेम खेळणारी पोरं. पोरांना हाकलावं लागतं, नाहीतर रेंज जड होते म्हणतात. खरं-खोटं माहीत नाही, पण पोरं हलत नाहीत.

आता घरपोच आहाराला चेहरा ओळखण्याची पद्धत आली. बाळाच्या आईचा चेहरा नोंदवला, आणि दिवाळीनंतर ती आई मुकादमाबरोबर गेली कारखान्यावर. बाळ आजीजवळ. पाकीट घ्यायला आजी आली की चेहरा जुळत नाही. आजी माझ्या आईला विचारते, माझं तोंड वाईट आहे का? पाकीट तर द्यायलाच लागतं, नोंदीचं काय करायचं ते आई नंतर बघते.

ॲप वाईट आहे असं म्हणणार नाही. पूर्वी अकरा रजिस्टरं असायची, एक ओलं झालं की वर्ष गेलं. पण ॲप करणाऱ्याने एकदा नोव्हेंबरात आमच्या पाड्यावर यावं. फेब्रुवारीत आलं तर माणसंच दिसायची नाहीत.

डुबुकवडी

ताई, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका हो.

बँकेतला_भाऊ

+१ सातपुड्यापल्याड.

मला एका 'नव्या वापरा'बद्दल लिहायचंय, जो चोरांनी शोधलाय. लग्नसराई तोंडावर आहे म्हणून आत्ताच सांगतो. ओळखीच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर पत्रिका येते. फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असं असतं. उघडली की फोन विचारतो, हे ॲप टाकू का? माणूस हो म्हणतो, कारण पत्रिका बघायची असते. मग ते मेसेज वाचायची परवानगी मागतं, माणूस तीही देतो. तिथून पुढे तुमचे बँकेचे ओटीपी चोराकडे. वर तीच पत्रिका तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या पाहुण्यांना जाते. म्हणून ती नेहमी ओळखीच्याच नंबरवरून आलेली असते.

हीच युक्ती गाडीच्या चलनाच्या नावाने, शेतकरी योजनेच्या हप्त्याच्या नावाने पण चालते. आमच्या शाखेत एक गृहस्थ आले, एका दुपारी पोराच्या फीचे पैसे गेलेले. विचारलं तर म्हणाले, "साहेब, लग्न भुसावळला होतं, म्हटलं हॉल कोणता ते बघावं."

पत्रिका म्हणजे फोटो किंवा पीडीएफ. पत्रिका बघायला काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन. पहिल्या तासाभरात केला तर रक्कम पुढच्या खात्यात अडकवता येण्याची शक्यता असते, दोन दिवसांनी बँकेत येऊन आमच्यावर ओरडून नाही.

खान्देशी_इन_एक्साईल

आमच्या काकांना अशी पत्रिका आली होती. त्यांनी पाठवणाऱ्याला फोन करून विचारलं, "तुझ्या पोरीचं तर मागच्या वर्षीच झालं ना रे?" वाचले.

अवांतर: पुण्यात एका ॲपवरून 'अस्सल खान्देशी भरीत' मागवलं. टोमॅटो निघाला. टोमॅटो!! सोबत कळण्याच्या पुरीऐवजी तंदुरी रोटी. हा गुन्हा १९३० ला नोंदवता येतो का?

तुरकाठी

टोमॅटो वाचून डोळ्यांत पाणी आलं. भरिताचं वांगं बामणोदचं, भाजायचं तुरकाठ्यांवर, ठेचायचं बडजीत (लाकडी भांड्यात), वर कांद्याची पात आणि शेंगदाणे. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, तो काय टोमॅटोशी लग्न लावायला?

खान्देशी_इन_एक्साईल

जखमेवर मीठ चोळू नका. पात पण नव्हती.

पाटचारी

मंडळी, भरिताचे तीन धागे आधीच आहेत. इकडे या.

एक_फेज

आलो. यावल तालुका, सातपुड्याचा पायथा. मोबाईल स्टार्टर कोणीच कसा लिहिला नाही?

आम्हाला शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीत रात्री-अपरात्री मोटर चालू करायला शेतात जायचं, आणि बिबट्याच्या बातम्या तुम्ही वाचताच. आता मोटरीच्या पेटीत सिमकार्डवालं यंत्र बसवलंय. लाईट आली की फोनवर मेसेज, ॲपमध्ये बटन दाबलं की मोटर चालू. फेज गेला तर आपोआप बंद, त्यामुळे मोटर जळायचं प्रमाण कमी झालं. आमचे वडील गोधडीतून हात बाहेर काढून साडेसातची मोटर चालू करतात आणि परत झोपतात. एवढं सुख त्यांना आयुष्यात कोणत्या सरकारने दिलं नाही.

फक्त दोन गोष्टी. एक, त्या सिमला वेगळा रिचार्ज लागतो. घरात "मोटरीचा रिचार्ज मारला का?" असा प्रश्न रोज असतो. दुसरी, मोटर ॲपने चालू होते, पण एका बागेचं पाणी झालं की कॉक फिरवायला जावंच लागतं. कॉकला ॲप नाही.

बांधकोऱ्या

कॉकला पण आहे. ठिबकची स्वयंचलित व्हॉल्व्ह असतात, वेळ लावली की आपोआप बदलतात. जळगाव ठिबकचं माहेर, तिथे नाही मिळणार तर कुठे? पण खर्च बघा, आणि वायरींचं काय होतं तेही बघा. आमच्याकडे खारी नळ्या कुरतडतात, रानडुकरं उरलेलं करतात.

एक_फेज

बघितलं. म्हणूनच कॉक फिरवायला अजून धाकटा भाऊ आहे. तोही रिचार्ज मागतो.

भुसावळी_गाडी

रेल्वेवाल्यांच्या गावातून एक. 'व्हेअर इज माय ट्रेन' सगळ्यांनाच माहीत असेल. गाडीत बसलेल्याला इंटरनेट नसतानाही चालतं, कारण त्याचा फोन टॉवर पकडत जातो त्यावरून ठिकाण काढतं. प्रवासी वापरतात हे झालंच. पण मी ज्या गावात राहतो तिथे रुळाला फाटक आहे आणि फाटकापलीकडे शाळा. फाटक पडलं की दोन-दोन गाड्या जाईपर्यंत वीस मिनिटं. तर आमच्या इथले रिक्षावाले गाडी पकडायला नाही, चुकवायला हे ॲप बघतात. "मागे एक एक्सप्रेस आहे, आत्ताच काढा" असं सांगून पोरांना रिक्षात कोंबतात. मालगाडी त्यात दिसत नाही, तेवढी एक शिव्या खाते.

डुबुकवडी

=)) 'चुकवायला' हे भारी.

साक्रीचा_मेंढका

आमचे ठेलारी पाहुणे आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ. पूर्वी वाडा (मेंढरांचा मुक्काम) कुठे पडलाय ते शोधायला दोन गावं विचारत जावं लागे. आता व्हॉट्सॲपवर लोकेशन टाकतात, धान्याची पिशवी थेट वाड्यावर. मेंढी अडली की डॉक्टरला पण लोकेशनच.

'दामिनी' ॲप पण दोघा-तिघांच्या फोनमध्ये आहे. पुण्याच्या हवामान संस्थेचं आहे, वीस ते चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडत असली की इशारा देतं. माळावर उंच काठी घेऊन उभ्या माणसाला याची किंमत विचारा. पण म्हातारा मेंढका म्हणाला, "माझ्या कुत्र्याला याच्या आधी कळतं." कुत्र्याला चार्जिंग लागत नाही हेही खरं.

आक्कासाहेब

बाजारातलं एक लिहिते. आमच्या आठवडे बाजारात एक आजोबा पेरू विकतात, नजर फार अधू. पूर्वी नोटा बोटांनी चाचपायचे आणि लोक फसवायचे. शंभर म्हणून दहाची दिली असंही झालंय. नातवाने यूपीआयचा कोड आणि बोलणारा डबा आणून दिला. आता डबा बोलल्याशिवाय ते पिशवी सोडत नाहीत. "चाळीस रुपये प्राप्त हुए" ऐकलं की हात पिशवीवरचा निघतो. डबा हिंदीत बोलतो, आजोबा उत्तर अहिराणीत देतात.

एकजण नुसता स्क्रीन दाखवून निघाला होता, पैसे गेले म्हणाला. आजोबा म्हणाले, "माले दिसत नही भो. डब्बाले सांग."

खडूस_काका

हे मात्र आवडलं. लिहिलं म्हणून पुन्हा कोणी माझं नाव घेऊ नका.

गिरणाकाठ

स्क्रीनशॉट काढून ठेवला काका.

पाटचारी

भाच्याने सगळं वाचलं. आधी थोडा हिरमुसला, मग स्वतःच म्हणाला की हवामान-बाजारभावाचं ॲप रद्द. आता त्याच्या डोक्यात दुसरं आहे, ते इथे टाकतो, फाडा.

आमच्याकडे केळीचा सौदा तोंडी होतो. व्यापारी बागेत येतो, भाव ठरतो, मजूर घड कापतात, गाडी काट्यावर जाते, वजनाची चिठ्ठी मिळते. पैसे आठवड्याने, पंधरवड्याने, कधी महिन्याने. भाव त्या मधल्या काळात पडला की व्यापारी म्हणतो, मी एवढा बोललोच नव्हतो. आणि काही तर गाड्या भरून नेतात आणि फोन बंद. दरवर्षी कुठे ना कुठे हे होतं. तर भाचा म्हणतो, सौदा ठरला त्या जागी दोघांच्या फोनमध्ये नोंद: तारीख, बाग, ठरलेला भाव, गाडी नंबर, काट्याच्या चिठ्ठीचा फोटो, पैसे द्यायची तारीख. दोघांनी मान्य केलं की ती बदलता येणार नाही. बस, एवढंच ॲप.

बांधकोऱ्या

कल्पना चांगली. व्यापारी 'मान्य' कशाला दाबेल?

एक_फेज

अगदी हेच. बाग कापणीला आलेली, घड पिकायला लागले की थांबत नाहीत. व्यापाऱ्याला म्हटलं आधी ॲपमध्ये मान्य कर, तर तो म्हणेल राहू दे, पुढच्या बागेत जातो. पुढचा शेतकरी ॲप न मागता देईल. गरज आपल्याला आहे, त्याला नाही.

आक्कासाहेब

बाजार समितीने सक्ती केली तर?

खडूस_काका

आक्का, परवाना नसलेले बागेत येऊन खरेदी करतात, त्यांना समिती काय करणार? सक्ती कागदावर राहील आणि सौदा बागेत होईल. तसा होतोच आहे.

शेवभाजी_डबल_तर्री

मला वाटतं उलट करून बघा. व्यापाऱ्याच्या संमतीची वाटच बघू नका. फक्त शेतकऱ्याने स्वतःसाठी नोंद ठेवायची. भाव ठरला की ॲपमधून व्यापाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर आपोआप निरोप: 'आज तुमच्याशी अमुक भाव ठरला, गाडी अमुक.' त्याने उत्तर दिलं तर उत्तम. दोन निळ्या टिका पडल्या आणि त्याने नाही म्हटलं नाही, तरी पुढे चार माणसांत दाखवायला काहीतरी हातात राहतं. त्याला काही दाबावं लागत नाही, म्हणून तो पळणार पण नाही.

बँकेतला_भाऊ

हे जमण्यासारखं आहे. पुराव्याचं कायदेशीर वजन किती ते वकिलाला विचारा, पण काहीच नसण्यापेक्षा तारीख-वेळेसकट लिहिलेलं बरं. चिठ्ठीचा फोटो मात्र काट्यावरच काढा, घरी आल्यावर नको. काट्यावरची चिठ्ठी घामाच्या खिशात राहिली की दोन दिवसांत कोरी होते.

आणि मजकूर बोलून भरता आला पाहिजे. कापणीच्या वेळी केळीचा चीक लागलेल्या हाताने कोणी टाइप करत नाही.

पाटचारी

चिकाचं भाच्याला सुचलंच नव्हतं. त्याने कधी घड उचललेला नाही, मी त्याला सांगितलंय की आधी एक गाडी भरायची, मग कोड लिहायचा. रविवारी आमच्याकडे कापणी आहे, बोलावलंय. जुने कपडे आण म्हटलंय, तर विचारतो किती जुने.

डुबुकवडी

चिकाचे डाग कशानेच जात नाहीत, त्याच्या आईला आधी सांगून ठेवा.

सातपुड्यापल्याड

पाटचारी दादा, त्याला सांगा, रेंज नसताना नोंद फोनमध्येच राहिली पाहिजे आणि रेंज आली की आपोआप गेली पाहिजे. बागेत रेंज असते का तुमच्याकडे?

पाटचारी

बांधावर असते ताई, आत शिरलं की नाही. मुद्दा टिपून घेतला.

एक_फेज

रविवारी कुठे कापणी? जवळ असेल तर येतो. माझा पण एक व्यापारी महिनाभर 'उद्या टाकतो' म्हणतोय.

साक्रीचा_मेंढका

एक_फेज भाऊ, ते मोबाईल स्टार्टर केवढ्याला बसलं? तीन एचपीला चालेल का? व्यनि (खासगी निरोप) करा.